राघ्यानं गाडी सोडली न्हाई

मी रेडिओग्राफर. जे एक्स-रेच्या फिल्मवर दिसत नाही ते नसतंच, अशा मताची. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठणारी... तरीही हे लिहितेय.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आम्ही लीड्सला राहायचो, सासरे अण्णा आमच्याकडेच. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इटलीत आर्मीची ॲम्ब्युलन्स चालवली होती. आमच्या भागात माजी सैनिकांचा क्लब होता. दर उन्हाळ्यात त्यांच्या गाड्यांची परेड निघायची. प्रत्येक गाडीला नंबरप्लेटच्या वर एक खास प्लेट – ‘व्हेटरन’ आणि खाली त्या माणसाचा आर्मी नंबर.

अण्णांना ती प्लेट हवी होती. पण त्यांचे कागद कधीच हरवलेले, आणि नंबरचे शेवटचे दोन आकडे काही केल्या आठवेनात. क्लबचे सेक्रेटरी मिस्टर हॉलिस म्हणाले, “सॉरी, पुरावा नाहीतर साक्षीदार हवा.”

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “सूनबाई, साक्षीदार एकच होता. तुकाराम, माझ्या शेजारच्या सीटवर बसायचा. तो तिकडंच राहिला... बॉम्ब पडला त्याच्यावर.”

परेडच्या आठवडाभर आधी, शनिवारी सकाळी हॉलिसचा फोन. “तुमचा साक्षीदार येऊन गेला. प्लेट करायला टाकतोय.”

कोण साक्षीदार? आम्ही तडक क्लबवर गेलो. रजिस्टरमध्ये अण्णांच्या नावापुढे नंबर लिहिलेला होता – शेवटच्या दोन आकड्यांसकट!

“बारीक माणूस, खाकी कपडे,” हॉलिस म्हणाले. “नंबर त्यानं स्वतः लिहिला. इंग्लिश येत नव्हतं त्याला. एकच वाक्य परत परत बोलत होता, म्हणून ऐकू आलं तसं मी लिहून घेतलं.” चष्मा लावून, अस्सल यॉर्कशर उच्चारात त्यांनी ते अडखळत वाचलं – “राग्या-न... गाडी... सोडली... नाय.”

अण्णांनी हॉलिसच्या हातातून तो कागद घेतला. ‘राघ्या’ हे नाव मी तोपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं.

“तुक्याच म्हणायचा मला तसं,” ते म्हणाले. “वरून बॉम्ब पडत होते. साहेब ओरडला, गाडी सोडा, पळा! पण आत चार जखमी होते गं... कशी सोडणार?”

इतक्या वर्षांत घरात एका शब्दानं बोलले नव्हते!

हॉलिसना मी इंग्लिशमध्ये सांगितलं. ते उठले आणि त्यांनी अण्णांना कडक सॅल्यूट ठोकला.

परेडमध्ये अण्णांची गाडी सगळ्यात पुढे होती. टाउन हॉलसमोर लोक टाळ्या वाजवत होते, फुटपाथवरचे म्हातारे सैनिक ताठ उभे राहून सॅल्यूट करत होते. अण्णा पाठ ताठ ठेवून, दहाच्या स्पीडनं, राजासारखे चालले होते. मी शेजारी बसून ढसाढसा रडत होते, आणि ते हॉर्न वाजवत म्हणत होते, “अगं रडतेस काय, हात हलव लोकांना!”

पुढे काही महिन्यांनी, आमच्या चौकशीला उत्तर म्हणून, भारतातून आर्मीच्या रेकॉर्ड्स ऑफिसचं पत्र आलं. नंबर तंतोतंत तोच.

ओळखीच्या प्रत्येक मराठी घरी मी विचारलं – क्लबवर कुणीच गेलं नव्हतं. हॉलिसना ते वाक्य सुचणं तर शक्यच नाही.

अण्णांना विचारलं, तर म्हणाले, “यायला उशीर केला लेकाच्यानं. पण आला.”