हवा आधी पाव्हण्यांची

पहिल्या दिवशी बापूंनी मला डोंगरावर नेलं, भाकरी-ठेचा खायला घातला आणि चालत खाली आणलं. मी उडायला आलो होतो. मिरजेहून पहाटे गाडी काढून, सहकाऱ्याच्या हातापाया पडून सुट्टी मिळवून. पेशंटला भूल देणं हा माझा व्यवसाय. लोकांना झोपवून झोपवून मीच जागेपणी पेंगायला लागलो होतो, म्हणून चाळिशी उलटल्यावर हे खूळ डोक्यात घेतलं. आणि हा सैन्यातून निवृत्त झालेला मिशाळ गडी वाऱ्याकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आज न्हाई डाक्टर. आज वारं टवाळ हाय. चला, उतरू." मी इतका वैतागलो की उतरताना त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. ते मला करवंदीच्या जाळ्या दाखवत उतरत होते.

कोरेगावच्या पुढच्या त्या डोंगरावर बापू पॅराग्लायडिंग शिकवायचे. सैन्यातच ते हे शिकले होते. या प्रकाराला इंजिन नाही की काही नाही. डोक्यावर कापडी पंख, खाली दोऱ्यांना लोंबकळणारे आपण, आणि तापलेल्या रानातून वर चढणारी हवा. ती सापडली तर घिरट्या घेत ढगापर्यंत जावं, नाही सापडली तर मुकाट्यानं खालच्या शेतात उतरावं. हे तरंगत राहणं शिकायला पुण्याहून, नाशिकहून, थेट बंगळूरहून माणसं यायची. बापूंच्या लेखी ती विद्यार्थी वगैरे नव्हती, पाव्हणं होती.

आणि हेच त्यांचं भलतं होतं. चांगली हवा दिवसातून थोडाच वेळ मिळते. ती त्यांनी कधी स्वतःला घेतली नाही. आधी पाव्हणं उडायचं, माथ्यावर वायरलेस घेऊन बापू उभे. शेवटचा पाव्हणा उतरेपर्यंत ऊन कललेलं, हवा मेलेली. मग बापू उडी घ्यायचे आणि सरळ पायथ्याला. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो बापू, एखादा दिवस तरी तुम्ही आधी जा की!" तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "पाव्हणं ताटावर बसल्यात आन् घरधनी आधीच वरपतुया, आसं कवा बघितलंय का?" मी म्हटलं, हवा म्हणजे काय आमटी आहे? "आमटी पुन्यांदा करता येती. हवा कुठनं आणू?" ते म्हणाले, आणि नाशिकच्या कुलकर्ण्यांचा पट्टा आवळायला गेले.

शिकवताना मात्र त्यांना पाव्हण्याबिव्हण्याचं भान राहत नसे. माझी पहिली घिरटी मला आठवते. मी भीतीनं दोन्ही हातांतल्या ब्रेकच्या दोऱ्या गच्च ओढून बसलेला, आणि कानात बापूंचा आवाज, "आवं डाक्टर, सोडा की! म्हशीचं दावं हाय का ते? ती हवा तुमाला वर न्याय आलीया आन् तुमी तिच्या संगट भांडताय!" मी हात सैल सोडले आणि आख्खा डोंगर हळूहळू माझ्या पायाखाली उतरत गेला. खाली आल्यावर मी रडलो. सांगायला लाज कसली? बापूंनी पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "भूक लागली आसंल न्हवं?"

बापूंची आई म्हसवडच्या अलीकडे वस्तीवर असायची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेतीही. म्हातारीनं मुलाला उडताना कधीच पाहिलं नव्हतं. खुबा मोडल्यापासून तिला डोंगर चढणं शक्य नव्हतं. फोनवर ती विचारायची, "लोकांस्नी उडिवतूस ते ठीक हाय, तू सोता उडतूस का न्हाई रं?" एका पावसाळ्यात बापूंनी तिला डोळे दाखवायला मिरजेला आणलं. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. उजवा डोळा गेलेला होता आणि डावाही फार दिवस टिकणार नव्हता. बापूंना ते मीच सांगितलं. ते म्हणाले, "डाक्टर, तिनं एकदा मला उडताना बघाय पायजे. डोंगरावनं उडून घरावर जातो. डावा हाय तवर." त्या दिवसापासून त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं.

हिवाळा गेला. चांगले दिवस आले, पाव्हणेही आले, आणि बापूंच्या नियमाप्रमाणे ते सगळे दिवस पाव्हण्यांच्या घशात गेले. माझा जीव तुटत होता आणि हा माणूस लोकांचे पट्टे आवळत होता.

मार्चमध्ये एका सकाळी डोंगरावर पोचलो तर आभाळात कापसाचे पुंजके, वारा पश्चिमेचा, मऊ. बापूंनी वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ही हवा म्हसवडला जायाची." पुढच्याच क्षणी ते बंगळूरहून आलेल्या एका मुलीचं हेल्मेट तपासायला वळले. तेवढ्यात कुलकर्ण्यांनी आपला पंख गुंडाळायला घेतला. "बापू, माझ्या पाठीत उसण भरलीय." मुलगी म्हणाली, "मला आज भीती वाटतेय." जिनं आदल्या दिवशी उतरायचं नाव घेतलं नव्हतं, ती! मी म्हटलं, "डॉक्टर म्हणून सांगतो, आज या सगळ्यांनी विश्रांती घ्यायची. मीसुद्धा." चांगली हवा आली की बापूंना पुढं करायचं, हे आम्ही आधीच चहा पिताना ठरवलं होतं. बापू एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. "लय लबाड हाय समदी," ते कसेबसे म्हणाले. मग त्यांनी आपला पंख उलगडला, आणि यावेळी त्यांचे पट्टे आम्ही आवळले.

मी बापूंची जीप घेऊन खालून निघालो. पुसेगावपर्यंत ते मला मधूनमधून दिसत होते. दहिवडीच्या अलीकडे ते फार खाली आले. वायरलेसवर आवाज आला, "डाक्टर, आटपलं वाटतं." मी जीप बाजूला घेतली आणि नुसता वर बघत राहिलो. तेवढ्यात एका माळावर दोन घारी फिरताना दिसल्या. बापू त्यांच्याखाली शिरले, कलंडले, आणि फिरत फिरत वर निघाले. मी एकटाच जीपमध्ये ओरडत होतो.

पुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही. आता म्हातारी नाही, आणि मागच्या पावसाळ्यात आजारपणानं बापूही गेले, म्हणून बोलतो.

मी त्यांच्या आधी पोचलो. निघतानाच वस्तीवर फोन केला होता. बापूंचा पुतण्या आणि त्याची बायको उतरायची जागा मोकळी करायला माळावर पळाले होते. अंगणात बाजेवर म्हातारी एकटी, धुतलेलं लुगडं नेसून. बापू पश्चिमेकडून आले आणि त्याच बाजूच्या गोठ्याच्या वर घिरट्या घालू लागले. मी ओरडलो, "आई, आला बघा, आला!" म्हातारी काठी टाकून उभी राहिली. चेहरा वर केला आणि दोन्ही हात हलवायला लागली. पूर्वेकडे. तिकडे मोकळं आभाळ होतं.

मी धावत तिच्याजवळ गेलो. तिनं पावलांवरून काय ते ओळखलं. हात खाली न घेता हळूच विचारलं, "कुठल्या अंगाला हाय?" मी तिचे खांदे धरून तिला फिरवलं. ती तशीच हात हलवत राहिली. "डावा बी दिवाळीतच गेला, बाबा. पर त्येला सांगू नगा. लय हौशीनं आलंय माजं पोरगं." मग म्हणाली, "रंग कसला हाय वो?"

"निळा," मी म्हटलं.

थोड्या वेळानं बापू माळावरून पळतच आले. या वयात, पाठीवर तो बोजा घेऊन. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होते. "आय, हात केलास तू! वरनं बघितलं मी! दिसलो का तुला?"

म्हातारीनं चाचपत त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "न दिसाय काय झालं? निळीभोर छत्री हुती की रं तुजी."