आमच्या ओट्यावरचा समेट

पाहणीला माणसं आली त्या दिवशी मी शाल गाडीच्या ड्रायव्हरला पांघरली. उतरलेला तोच एक पुरुष, आणि पोटही साहेबाला शोभेलसं. मागून उतरलेल्या मुलीला म्हटलं, "आत जा बेटा, पाणी पी." पाहणी करणारी तीच होती.

नवरा मारतो अशी तक्रार आली की आम्ही गावातले पाच जण माझ्या ओट्यावर बसतो, दोघांचं ऐकतो, समेट करतो, वर चहा पाजतो. या बैठकीनं बायांचं खरंच भलं होतं का, एवढंच तिला बघायचं होतं. मी ऐटीत सांगितलं, "पोळ्यापासून एकही बाई आली नाही. भांडणंच राहिली नाहीत."

"असेलही काका. बायांना विचारून बघते," ती म्हणाली.

दुपारभर ती आमच्या स्वयंपाकघरात बायांबरोबर बसली. मला आधी दुधाला पिटाळलं, मग साखरेला. साखर घरात होती, हे मला दुकानात आठवलं.

संध्याकाळी ओट्यावर तिनं आम्हा पाचांना कुणाचं नाव न घेता सांगितलं, "बाई इथं जे बोलते, ते ती घरी पोचायच्या आत नवऱ्याला कळलेलं असतं. मग तक्रार केली म्हणून पुन्हा मार. म्हणून त्या येत नाहीत."

शेजारच्या सुनेला मीच ओट्यावर बसवलं होतं. "बोल बेटा, इथलं इथंच राहील." पुढच्याच आठवड्यात तिचा हात प्लास्टरमध्ये. मोटरसायकलवरून पडली, असं तिच्या घरचे म्हणाले, आणि मी शहाणा केळी घेऊन बघायला गेलो. आता ती म्हसावदला माहेरी आहे, परत यायचं नाव काढत नाही.

"कोण सांगतं?" मी विचारलं.

आमच्या पाचांतलाच एक, शाळेपासूनचा माझा दोस्त, सुपारी कातरत होता. "मीच फोन करस. त्याले आधी समजाले नको का? आपलाच पोऱ्या शे."

मी त्या सुनेला शब्द दिला तेव्हा हा माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्यानं नेहमीसारखी अर्धी सुपारी माझ्यापुढे धरली, मी घेतली नाही. मग तो उठून गेला.

यापुढे बाईचं आधी बायांनीच ऐकायचं, आत, दार लावून, असं त्या मुलीनं सुचवलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सगळे गेल्यावर बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हात मोडना तवयच तिनी सांगं मले."

"मग मला का नाही बोललीस?"

ती कपबश्या गोळा करत म्हणाली, "तुमले सांगीसन काय फायदा? तुम्ही पयले तुमना दोस्तलेच इचारतस."