कापलेली नळी

कारखान्याचा वॉचमन सायकलवरून आला तेव्हा सुंदरावहिनी अंगणातल्या जाईला पाणी घालत होत्या. "अम्मा, सारांना, साहेबांना, हॉस्पिटलात नेलंय," एवढंच तो तमिळमध्ये म्हणाला. त्यांचे यजमान वेंकटराव काही घरी परतले नाहीत...

बदली होऊन मी पुण्याहून मद्रासला आलो, तेव्हापासून हे तंजावरकडचे वेंकटराव माझे शेजारी. अंबत्तूरला सायकलच्या भागांना मुलामा चढवणाऱ्या एका लहान कारखान्यात ते देखरेख करत. तिथे अ‍ॅसिड एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यावं लागे. लोखंडी पात्यांचे पंप अ‍ॅसिडने खाऊन टाकले, तेव्हा त्यांनी मालकाशी भांडून नळीचा पंप घ्यायला लावला. मला त्यांनी तो धार काढण्यावरून समजावला होता. फिरते रूळ रबरी नळी दाबत पुढे सरकतात आणि आतलं अ‍ॅसिड पुढे ढकलतात. नळीखेरीज ते कशालाच शिवत नाही. "पंप निवडणं सोपं हो," ते म्हणत, "नळी निवडणं कठीण. अ‍ॅसिडला टिकेल असंच रबर हवं. आणि पंप थोरला घेऊन सावकाश चालवायचा. घाई केली की नळी मरते."

मरते तीही आतून. बाहेरून नवीकोरीच दिसते. म्हणून ती फाटायची वाट न पाहता बदलायची आणि काढल्या काढल्या कापायची, कुणी पुन्हा लावू नये म्हणून, हा त्यांचा नेम. धुतलेले तुकडे घरी येत. वहिनी हळहळत, "अय्यो, इतकी चांगली नळी! हात कसा धजतो तुमचा?"

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत ते हसत. "तुझ्या अंगणातल्या नळाला लावायला झाली की!"

वडिलांच्या श्राद्धाला ते तंजावरला गेले. मागे कुणीतरी नळी बदलली आणि जुनी न कापता, धुऊनपुसून खिळ्याला टांगली. चांगली वस्तू टाकवत नाही ना आपल्याला! या काटकसरीचा मला आजही संताप येतो. पुढच्या खेपेला नळी बदलताना वेंकटरावांच्या हाताला तीच लागली. कापलेली नाही म्हणजे नवी, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी बसवली, पंप सुरू केला आणि रूळ नीट दाबतात का ते बघायला वाकले... ती तोंडासमोरच फुटली.

परवा वहिनी जाईला पाणी घालत होत्या. नळाला लावलेला तो तुकडा तोकडा, जाईपर्यंत पोचत नाही; बादल्या वाहून वाहून त्यांचे हात भरून येतात. मी म्हटलं, "वहिनी, बाजारातून लांब नळी आणून देतो."

"नको," त्या म्हणाल्या. "ही त्यांनी कापलेली आहे."