पहिल्या वर्गातली मोमी आंटी

मोमी काआवा आणि हारुए इनाबा या दोघींनी हवाई बेटांवरच्या हिलो गावातल्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकाच ओट्याशी एकतीस वर्षं काढली. मी, जोसी, त्यांच्या पाठीमागे, भांड्यांच्या मोरीवर. त्या दोघी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मी अजून मोरीवरच आहे. गावात चाळिशीच्या आतला कुणीही माणूस दाखवा, त्याने मोमी आंटीच्या हातचं खाल्लेलं असणार. जेवण वाढताना तिला मुलांची नावं पाठ असायची, आणि कोण घरून उपाशी आलाय तेही कळायचं. त्याच्या ताटात एक डाव जास्त पडायचा.

मोमी आंटी अंगाने चांगलीच भरदार. हारुए आंटी वाळलेल्या शेंगेसारखी. पलीकडच्या बेटावर, होनोलुलूला जायचं झालं की विमानात दोघी शेजारी शेजारी बसायच्या, कारण मोमी आंटीचं उरलेलं अंग हारुएच्या खुर्चीत मावायचं. विमानातला पट्टा मोमी आंटीला पुरत नाही, जोडपट्टा मागावा लागतो. एकदा एका पोरसवदा हवाईसुंदरीने चार रांगा पलीकडून ओरडून विचारलं होतं, "जोडपट्टा कुणाला हवाय?" माना वळल्या. तेव्हा हारुएने हात वर केला. "मला. मला पुरत नाही." आणि त्या पोरीकडे अशी रोखून पाहत राहिली की पोरगी निमूट पट्टा देऊन गेली. त्यानंतर प्रत्येक प्रवासात जोडपट्टा हारुएच मागायची. त्यावर आम्ही किती हसलोय, त्याला गणती नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या जुन्या मुख्य स्वयंपाकीणबाई मेल्कोरा यांच्या पणतीचा पहिला वाढदिवस होता, तिकडे होनोलुलूजवळ वाइपाहूला. पहिला वाढदिवस म्हणजे आमच्याकडे लग्नाएवढा सोहळा. आम्ही तिघींनी दीडशे मुसुबी, म्हणजे साच्यात दाबलेल्या भाताच्या वड्या, न्यायच्या असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी हारुएच्या घरी करायच्या आणि शनिवारी सातच्या विमानाने निघायचं.

त्याच आठवड्यात मोमी आंटीचा मुलगा बॉइड याचा फोन आला. तो होनोलुलूत एका हॉटेलात कामाला आहे.

"आई, या वेळी तुझं तिकीट मी काढलंय. जाता-येताचं. शनिवारी साडेनऊचं विमान. पुढची सीट."

"पुढची म्हणजे?"

"फर्स्ट क्लास गं."

"अरे वेड्या, पाऊण तासाचा तर प्रवास. बूड टेकेपर्यंत उठायची वेळ होते."

"मग पाऊण तास नीट बूड टेकून बस. मी वर्षभर पॉइंट साठवलेत त्याच्यासाठी."

फोन ठेवल्यावर, तिनेच मला नंतर सांगितलं, ती आरशासमोर उभी राहून हसली. रुंद खुर्ची. कुणाच्या अंगावर सांडायचं नाही, कुणाकडून पट्टा मागून घ्यायचा नाही. आयुष्यात एकदा. आणि लगेच मनात आलं, हारुएला काय सांगू? सांगितलं असतं तर हारुए दोन टोमणे मारून मोकळी झाली असती. पण मोमी आंटीला वाटलं, इतकी वर्षं जिने अर्धी खुर्ची दिली तिला मागे सोडून आपण पुढे बसायचं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून ती सांगायला गेली आणि भलतंच बोलून आली.

"मी शुक्रवारीच जाते गं. चारच्या विमानाने. बॉइडने बोलावलंय."

"आणि मुसुबी?"

"तू आणि जोसी कराल ना?"

"करू की," हारुए म्हणाली. "तुझ्या झाडांना पाणी घालीन."

झाडांचं मोमी आंटीच्या डोक्यातच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी हारुएकडे गेले. भात शिजला होता, डब्यातल्या मांसाच्या चकत्या तव्यावर चरचरत होत्या. दोघींनी साचा दाबायचा, वर चकती, भोवती शेवाळाची पट्टी. तिसरीचे हात नसल्यामुळे काम उरकत नव्हतं. मध्येच हारुए हात धुऊन उठली. "मोमीच्या अँथुरियमना पाणी घालून येते." दोन गल्ल्या सोडून तर घर.

परत आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं.

"जोसी, मोमीचं विमान कितीचं होतं?"

"चारचं म्हणाली ना."

"हं."

त्यानंतर दीडशेच्या दीडशे मुसुबी होईपर्यंत ती भाताशिवाय कशाबद्दलही बोलली नाही. मला वाटलं, कंबर दुखत असेल.

त्या वेळी मोमी आंटी तिच्या घरातच होती. होनोलुलूला गेलेल्या बाईच्या घरात दिवा कसा लागेल? म्हणून ती टीव्ही बंद करून, पडदे ओढून, फ्रिजच्या आडोशाला जमिनीवर बसली होती. बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला. हारुए झाडांशी बोलत होती, कुठल्या फुलाला कीड लागलीय, कुणाला पाणी जास्त झालंय. मोमी आंटीला शिंक आली. ती तिने झग्याच्या बोळ्यात दाबली. "चौसष्ट वर्षांची बाई मी," ती मला म्हणाली, "स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखी बसले होते. तेव्हाच दार उघडून बाहेर यायला हवं होतं. उठताच येईना. गुडघ्यामुळे नाही गं."

शनिवारी सकाळी विमानतळावर गेलो तर सातच्या विमानात काहीतरी बिघाड. ते रद्द. आम्हाला साडेनऊच्या विमानात घातलं. नव्या तिकिटांसाठी खिडकीपाशी रांगेत उभं राहता राहता साडेनऊच्या विमानात पुढच्या वर्गाची माणसं चढूनही गेली. मग आमची रांग हलली. एक खोकं हारुएकडे, एक माझ्याकडे.

हिलोच्या विमानात अनोळखी माणूस शोधावा लागतो. त्यात पुढच्या खुर्च्या दाराशीच. मागे जाणारा प्रत्येक जण त्यांच्यावरून नजर फिरवत जातो, तिथे कोण बसलंय ते बघत. मी हारुएच्या मागेच होते. हारुएच्याही पुढे कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ही तर मोमी आंटी!"

दुसऱ्या रांगेत, कडेच्या रुंद खुर्चीत मोमी आंटी बसली होती. नवा निळा फुलाफुलांचा झगा, केसात पांढरं फूल. हातात पेरूच्या रसाचा काचेचा पेला. तिने हारुएला पाहिलं. मी शपथेवर सांगते, पाहिलं. दोघींची नजर मिळाली आणि मोमी आंटीने डोळे मिटून मान खिडकीकडे कलती केली. झोपली.

रांग तुंबली होती. पुढे कुणीतरी सामान वर ठेवत होतं, आम्हाला पुढे सरकता येईना. हारुए तिथेच उभी. मोमी आंटीच्या हातात भरलेला पेला तसाच, ताठ. पापण्या थरथरत होत्या. मला वाटलं आता हारुए काहीतरी बोलेल आणि सगळं विमान ऐकेल. मीच खाली बघितलं.

हारुएने खोकं एका काखेत धरलं, वाकून मोमी आंटीच्या बोटांतून तो पेला हळूच सोडवला आणि बाजूच्या फळीवर ठेवला.

"सांडेल," ती म्हणाली. तेही माझ्याकडे बघून.

मग रांग हलली.

आमच्या जागेवर बसल्यावर मला राहवलं नाही. "आंटी, खरंच झोपली असेल हो. दमली असेल."

"झोपलेल्या माणसाच्या हातात पेला सरळ राहत नाही, जोसी." खोकं मांडीवर घेऊन ती पाऊण तास तशीच बसली. पुढे पडदा ओढलेला होता.

पडद्यापलीकडचं मला नंतर कळलं. पट्टा एका झटक्यात लागला होता. हवाईसुंदरीने "मिसेस काआवा" म्हणून नावाने विचारलं होतं, गरम ओला रुमाल आणून दिला होता. यातलं काहीएक तिने धड घेतलं नाही. डोळे मिटलेले ते तिने विमान उतरेपर्यंत उघडले नाहीत. "उघडले असते तर कुणीतरी बघितलं असतं ना," ती म्हणाली. "रस तसाच राहिला. बॉइडने विचारलं, खिडकीतून डोंगर दिसला का? मी म्हटलं, दिसला. आणखी एक खोटं."

होनोलुलूत पुढची माणसं आधी उतरतात. ती सरळ निघून गेली असती तरी चाललं असतं. पण ती विमानातून बाहेर नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी आमची वाट बघत उभी राहिली. आम्ही आलो तसे तिने हारुएच्या खोक्याला हात घातला.

हारुएने खोकं दुसऱ्या बाजूला घेतलं. "राहू दे. तू कालपासून होनोलुलूत आहेस, दमली असशील."

मोमी आंटीचा हात तसाच हवेत राहिला.

वाइपाहूच्या घरी मांडव, गाणी, तीनशे माणसं. मेल्कोराबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "काय गं, आज दोघी दोन टोकांना? ओटा मोडला का?" थोड्या वेळाने मी मागच्या पडवीत अननस चिरत होते, हारुए शेजारी कांदा कापत होती, तेव्हा मोमी आंटी आली. दारातच उभी राहिली.

"हारुए, मी खोटं बोलले."

"माहितेय. तुझ्या चपला काल दारात होत्या."

मोमी आंटीने तोंडावर हात ठेवला. "मग हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, आजारी असेल, एकटं राहायचं असेल. पाणी घालताना इतकी मोठ्याने बोलत होते ती कुणासाठी? झाडांना कान असतात होय?" हारुएची सुरी थांबली नाही. "वाटलं, येईल बाहेर."

"बॉइडने तिकीट पाठवलं होतं. मला तुला सांगायची लाज वाटली."

"तुझा मुलगा तुला गादीवर बसवतो आणि मी जळले असते, हेच ना? एकतीस वर्षांत एवढंच ओळखलंस मला?"

"तसं नाही गं..."

"पुढे बसलीस त्याचा राग नाही मोमी. तू मला बघून मेल्यासारखे डोळे मिटलेस, त्याचा आहे."

मोमी आंटी रडली. आवाज न करता, आणि तेवढ्यात कुणीतरी पाण्याचं भांडं मागायला आलं म्हणून तिने कांद्याकडे बोट दाखवलं. हारुए कापत राहिली. मी अननसाचा एक तुकडा पाच वेळा चिरला असेन.

रविवारी परतीच्या वाटेवर मोमी आंटीने बॉइडला गाडीत सांगितलं, मला मागची जागा करून दे. बॉइडने गाडी कडेला घेतली. "आवडलं नाही का तुला, आई?" त्याचा चेहरा बघून तिला पुढे काही बोलवेना. "आवडलं रे," ती म्हणाली. "खूप आवडलं."

तेव्हा परत येतानाही ती पुढेच बसली. पण डोळे उघडे ठेवून. येणारा प्रत्येक जण थांबत होता. कुणी म्हणे, "वा, मोमी आंटी, लॉटरी लागली का?" कुणी म्हणे, "आता आम्हाला ओळख ठेवा हां." ती दर वेळी तेच सांगत होती, "मुलाने काढून दिलं. मुलाने काढून दिलं." मान कानापर्यंत लाल झाली होती, पण एकाचीही नजर तिने चुकवली नाही.

हारुए आली तशी मोमी आंटी अर्धवट उठली. "हारुए, तू बस इथे. मी मागे जाते."

"माझं बूड लहान आहे. मला मागची पुरते."

आजूबाजूचे हसले. एरवी या बोलण्यावर सगळ्यांत मोठ्याने मोमी आंटीच हसली असती. ती गप्प खाली बसली. हारुएही हसली नाही. जागेवर गेल्यावर मला म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी ते."

जुलै असाच गेला. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधी आम्ही स्वयंपाकघरातल्या जुन्या-नव्या बायका एकत्र जेवतो. चौदा जणी होतो. जेवण झाल्यावर मोमी आंटी उठून उभी राहिली आणि हे सगळं, फ्रिजच्या आडोशासकट, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. थट्टा केली नाही, हातवारे केले नाहीत. बायका आधी हसल्या, मग हसायचं थांबल्या. ती खाली बसली. हारुएने चहाची किटली उचलून तिच्या कपात चहा ओतला.

"थंड होतोय," म्हणाली.

आता दोघी बोलतात. गेल्या महिन्यात होनोलुलूला एकत्र गेल्यासुद्धा, एका रांगेत. पण परवा मी मोमी आंटीकडे बसले होते तेव्हा तिचा फोन वाजला. हारुए होती. आले तर चालेल का, असं विचारत होती. मोमी आंटी "ये की" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"हल्ली विचारून येते," ती मला म्हणाली. "आधी कधी विचारलं नव्हतं तिने."

मग ती उठली आणि चहाला आधण ठेवलं.