पाण्यावरून दिसणारं मस्कत

महमूद परकारला मस्कत दाखवायला सांगितलं, तर तो झोपेतसुद्धा दाखवील. रुवीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याची पांढरी व्हॅन तो चालवायचा. मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आले आणि त्यांच्या हातात जेमतेम अर्धा दिवस असला, की मालक म्हणायचा, "महमूद, यल्ला, यांना छोटी टूर मार." मग मत्राचं बंदर, मासळीबाजार, समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, जुना बाजार, टेकडीवरचं ते ऊद जाळायच्या भांड्याच्या आकाराचं, घराएवढं पांढरं ऊददान, आणि शेवटी जुन्या मस्कतातला सुलतानांचा महाल नि त्याच्या दोन अंगांचे दोन किल्ले. प्रत्येक ठिकाणी त्याचं वाक्य ठरलेलं, विनोदही ठरलेला. ऊददानापाशी गाडी आली की म्हणायचा, "हे माझ्या बायकोनं घेतलं होतं. जिन्यातून वर चढेना, म्हणून इथं ठेवलंय." लोक हसायचे. बायको, वजीरा, हे ऐकून ऐकून इतकी कंटाळली होती की टूरचं नाव काढलं तरी उठून आत जायची.

अशा माणसाच्या घरी त्या थंडीत बिलकीसखाला आली. वजीराच्या आईची धाकटी बहीण, दाभोळच्या खाडीकाठची. महिन्याच्या व्हिसावर आली, ती एकाच कामासाठी. तिचा एकुलता एक मुलगा सादिक इथं वारला होता, त्याची कबर एकदा डोळ्यांनी बघायची होती.

खालाला ठाऊक होतं ते असं. सादिक मत्राच्या बाजारात कापडदुकानात कामाला होता. एके दिवशी छातीत कळ आली आणि गेला. गाववाल्यांनी त्याला अल अमेरातच्या कबरस्तानात दफन केलं. हे सगळं तिला गुलजारनं फोनवर सांगितलेलं. गुलजार म्हणजे सादिकचा जोडीदार, शेजारच्याच वाडीतला.

खरं काय ते गुलजारला ठाऊक होतं, आणि आता महमूद-वजीराला. सादिकनं दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. तो लाँचवर खलाशी होता. खालाचा नवरा दर्यावर गेला तो परत आला नव्हता, म्हणून तिनं पोराला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, की लाँचवर पाय ठेवणार नाहीस. पोटासाठी त्यानं ठेवला, आणि आईसाठी दुकान रचलं. मग जूनमधल्या वादळात लाँच फुटली. गुलजारला दुसऱ्या होडीनं ओढून काढलं. सादिक सापडलाच नाही. फोन करताना गुलजारची जीभ वळेना. दुकान होतंच, त्यानं त्याला एक कबर जोडून दिली.

आता खाला येणार म्हटल्यावर तो महमूदकडे आला.

"महमूदभाई, कबरस्तानात सगळे नुसते धोंडे. कुणाचं नाव ना गाव. आणि आपल्यात बायका आत जात नाहीत. खाला भिंतीबाहेर उभी राहील. तुम्ही आत जायचं, एका धोंड्यापाशी उभं राहायचं. खलास."

महमूदला नाही म्हणता येत नसे. शिवाय कशापुढे तरी उभं राहून 'हे ते' असं सांगायचं, हाच तर त्याचा धंदा. आदल्या शुक्रवारी तो एकटाच जाऊन एक कबर निवडूनही आला. घरी येऊन वजीराला सांगितलं, तशी ती म्हणाली, "अवो, निवडायला ती काय भेंडी आहे?"

तेव्हापासून मात्र महमूदचं बिनसलं. जेवताना हात थांबायचा. खाली कोण असेल? आपण पायाशी उभं राहून दुसऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तो मुकाट ऐकून घेणार? व्हॅनमध्ये एकटा असला तरी तो मागं वळून बघायला लागला.

ठरल्या दिवशी वजीरा आलीच नाही. "मला तिच्या तोंडाकडं बघवणार नाही," म्हणाली. महमूदनं बेत केला, आधी खालाला टूर दाखवू, बाई दमेल, मग कलत्या उन्हाला अमेरात. खाला पुढं बसली नाही. मागच्या बाकावर मधे न बसता खिडकीशी सरकून बसली, शेजारी कुणाला जागा द्यावी तशी.

"जावई, तुम्ही बोलू नका," गाडी सुरू होताच ती म्हणाली. "मला सगळं माहीत आहे. माझ्या सादिकनं फोनवर इतकं सांगितलंय, आज मीच तुम्हाला दाखवते."

"दाखवा की, खाला. माझ्या घशाला तेवढाच आराम."

मत्राचं बंदर आलं. आरशात खालाचे ओठ हलताना दिसले. मग ती बोलायला लागली, पण आवाज तिचा असला तरी चाल तिची नव्हती. तरणी, भरभर चाल. "अम्मी, आधी ना दोन किल्ले येतात, समोरासमोर. मग टेकाडावर पांढरं ऊददान. मग मत्राचा किल्ला. मग पांढऱ्या घरांची ओळ, सगळी घरं माझ्याकडंच तोंड करून उभी. आणि सगळ्यात शेवटी बंदर."

ती थांबली. "बंदर तर आधीच आलं."

"रस्ता तसा आहे, खाला." महमूदच्या मानेवर काटा आला होता.

व्हॅन समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. डावीकडे पाणी, उजवीकडे घरं. खालानं काच खाली केली. पाण्याकडं बघितलं, घरांकडं बघितलं, परत पाण्याकडं. "घरांची तोंडं तिकडं आहेत," पाण्याकडं बोट करून ती पुटपुटली. जुना बाजार आला तेव्हा महमूद म्हणाला, "दुकान बघायचंय का?" तिनं मानेनंच नको म्हटलं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. ऊददान आलं. त्याच्या तोंडात विनोद आला, त्यानं तो गिळला.

"उलटं येतंय सगळं," खाला म्हणाली. "पोरगं उलटं कशाला सांगेल?"

महाल आला. समोर मोकळी फरसबंदी, एक विलायती जोडपं फोटो काढत होतं. दोन्ही बाजूंना किल्ले. खाला उतरली, काठीवर भार देऊन उभी राहिली, आणि इकडंतिकडं मान उंचावून काही शोधू लागली.

"इथं कड्यावर जहाजांची नावं आहेत ना? खलाशांनी रंगवलेली? सादिक वाचून दाखवायचा. म्हणायचा, अम्मी, अक्षरं एवढी मोठी, तू पण वाचशील."

आणि इथं महमूदची जीभ घसरली. रोज पाहुण्यांना सांगून सांगून ती आपसूकच हलली. "ती इथनं नाही दिसायची, खाला. ती बघायची तर पाण्यातनं यावं लागतं."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

 जोडप्यानं तिला हसून हात केला, तिनंही केला. मग ती तशीच व्हॅनच्या पायरीवर बसली.

"दुकानवाल्याला पाण्यातनं कोण फिरवतो रे?"

महमूदनं नजर किल्ल्याकडं वळवली.

"लाँचवर होता?"

"हो."

"वादळात?"

त्यानं होकाराची मान हलवली. आत कुठं तरी पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज होत राहिला.

"आणि कबर?"

इथं खोटं बोलायची सोय अजून होती. धोंडे होते, भिंत होती, ती बाहेरच उभी राहणार होती. महमूद म्हणाला, "कबर आहे. सादिकची नाही."

"मग कुणाची?"

"ठाऊक नाही. मी निवडली."

 "तू निवडलीस," ती म्हणाली. "बरं. मग चल तिथं."

"खाला, कशाला आता..."

"एवढ्या लांबनं दुवा बांधून आणलीय. परत घेऊन जाऊ? आणि त्या बिचाऱ्याला तू उगाच उठवून ठेवलायस."

अमेरातचे डोंगर उघडे, करपलेले. कबरस्तान त्यांच्याखाली, तेवढंच उघडं. खाला भिंतीबाहेर ओढणी सारखी करून उभी राहिली. महमूद आत जाऊन त्या धोंड्यापाशी थांबला. वाऱ्यावर तिचा फातिहा, गेलेल्यासाठीची ती दुवा, तुटक तुटक येत होता. त्याला वाटलं, पायांखाली कुणीतरी कान देऊन ऐकतंय, आणि आपलं नाव येतं का याची वाट बघतंय. सादिकचं नाव तिनं घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही. त्यानं वर बघितलं तर ती त्याच्याकडं बघतच नव्हती. डोंगराच्या खिंडीकडं, समुद्र ज्या बाजूला होता तिकडं, तोंड करून उभी होती.

घरी आल्यावर वजीरानं चहा पुढं केला. कुणी काही विचारायच्या आत खालाचा फोन वाजला. गावाहून सून, मुस्कान, सादिकची बायको.

"बघितली गो," खाला म्हणाली. आवाज अगदी घरगुती. "बघितली कबर. छान आहे, स्वच्छ आहे." तिकडून रडणं ऐकू येत होतं. "रडू नकोस. वर झाड आहे मोठं. निंबासारखं. दिवसभर सावली असते. चिमण्या पण होत्या. ... हो, दुकानपण बघितलं. शेठ भला माणूस. पोराला सांग, अब्बा झाडाखाली आहे."

वजीरा नवऱ्याकडं बघायला लागली. महमूदनं बशी खाली ठेवली.

फोन ठेवून खाला म्हणाली, "सादिकचं पोरगं आत्तापासूनच लाँचवर चढायचं म्हणतं." आणि गार झालेला चहा तिनं पिऊन टाकला.

ती गावी परतली त्याला आता वर्षं झाली. महमूद अजून टूर करतो. महालापाशी कुणी जहाजांच्या नावांचं विचारलं तर ठाऊक नाही म्हणतो. अमेरातकडे पाहुणे सोडायचे असले की येताना गाडी कबरस्तानाशी थांबवतो, आत जातो. तिथं झाड नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तरी तो कबरींच्या ओळींमधून हिंडत राहतो, मान वर करून, पानं दिसतात का बघत.