तिसरी वायर

अपडेट चालू असताना वीज गेली आणि घरचा राउटर मेला. पंचवटीतल्या गल्लीत दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे नेला. त्यांनी तो उघडला, आतल्या पिनांना दोन वायरी जोडून लॅपटॉपला लावल्या आणि तिसरी कानामागे खोचली. पडद्यावर अक्षरं सरकू लागली.

"ती तिसरी?" मी विचारलं.

"ती आपण त्याच्याशी बोलायला. आधी नुसतं ऐकायचं. कुठं अडकलाय ते हाच सांगतो."

बराच वेळ त्या वाचत राहिल्या. मग तिसरी वायर लावून सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं. दिवे लागले.

बाबा गेल्यापासून आई गप्प असते. मी दारातूनच जेवणाचं, गोळ्यांचं विचारतो. त्या संध्याकाळी काही न विचारता तिच्या शेजारी बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सकाळचा चहा तेच करायचे रे. तेव्हापासून मी घेतलाच नाही."