आईची दुसरी दुर्बीण

डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीनं करू," आणि आई चक्क हसली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाल्यावर चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात हसणारी ती एकटीच असेल.

"डॉक्टरसाहेब, माही दुर्बीण तं कवाचीच झाली. दोन लेकरं झाल्यावर. आता या वयात आनखी काऊन?"

आमच्याकडे दुर्बीण म्हणजे बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. गावोगावच्या शिबिरांनी हा शब्द असा पक्का केलाय की भद्रावतीच्या शाळेत तारे बघायची दुर्बीण शिकवताना मीसुद्धा पोरींकडे बघून जरा जपूनच बोलते.

डॉक्टरही हसले. मग त्यांनी कागदावर आतडं काढून समजावलं. पोट उघडून करता येतं, किंवा चार-पाच छोट्या भोकांतून, आत कॅमेरा घालून. गाठ दोन्हीकडून तेवढीच निघते. पण मोठी चीर दिली की अंगाला मोठा धक्का बसतो. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्या जखमेच्या मागे लागतात आणि काही दिवस बाकीच्या राखणीला कमी पडतात. छोट्या भोकांनी ही धांदल कमी होते, प्रतिकारशक्ती लवकर ताळ्यावर येते.

"म्हणजे कॅन्सर परत येणार नाही?" मी घाईनं विचारलं. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मला सगळं लवकर कळतं, असं निदान मला तरी वाटतं.

"तेवढं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्ताच्या तपासणीत फरक दिसतो. पण रोग परत येण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखंच. बाई लवकर उठतील, जेवतील, केमो वेळेवर सुरू करता येईल. मला तेही पुष्कळ वाटतं."

खोटी आशा न देणारा तो माणूस मला तिथल्या तिथे आवडला. आईला नाही आवडला.

"पुरं फाडा," ती म्हणाली. "पन दुर्बीण नाई. दुर्बिणीनं बाईची ताकद जाते."

परतीच्या ऑटोत तिनं साऱ्या गावाचा पाढा वाचला. दुर्बिणीनंतर कुणाची कंबर धरली ती सुटलीच नाही, कुणाला पाण्याचा गुंड उचलेना. तिला स्वतःला धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, वाकली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी भडकले. तिचं वजन आधीच उतरलं होतं. मोठ्या जखमेतून ती लवकर सावरली नाही तर, केमो लांबली तर, या विचारानं माझा जीव अर्धा झाला होता. आणि मला भीती वाटली की मी भांडते. ऑटोवाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं, इतकी भांडले.

"एक बार ताकद देल्ली बाई म्या," ती शेवटी म्हणाली. "आता उरली तेवढी राहू दे मले."

ताकद गेली म्हणायचं सोडून ही दिली का म्हणते, हे मला खटकलं. पण रागात असताना विचारायचं राहून गेलं.

पुढच्या वेळी बाबा सोबत आले. ते गावच्या तलावात मासे धरतात आणि फार कमी बोलतात. मासे पळतील म्हणून तोंड मिटायची सवय लागली, असं आम्ही त्यांना चिडवतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाईंना दुर्बीण का नको?" आईनं मान खाली घातली. बोलले ते बाबा.

"दोन लेकरं झाली तवा सिस्टर म्हणे, माणसाचं ऑपरेशन करा, सोपं रायते. मी म्हटलो, माही ताकद गेली तं जाळं कोन फेकन? मंग इले पाठवलो." त्यांनी हात जोडले. "साहेब, खरं सांगा. हा रोग तवाच्या दुर्बिणीनं झाला का?"

गाठ निघाली त्या दिवसापासून हा माणूस ते ओझं एकटाच वाहत होता.

"नाही हो भाऊ," डॉक्टर म्हणाले. "त्याचा याच्याशी काहीच संबंध नाही. आणि ताकद म्हणाल, तर त्या ऑपरेशननं ती ना पुरुषाची जाते, ना बाईची."

बाबांचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग पडला. आई मात्र डॉक्टरांकडे बघतच राहिली.

"मंग माही कुठी गेली?"

"तेव्हा नंतर आराम केला होता का तुम्ही?"

"धान कापाले आला होता ना साहेब. टाके ओले होते तं होते."

डॉक्टरांनी उगाच पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मला रडू येत होतं, रागही येत होता, आणि बाबांकडे बघवत नव्हतं.

"म्हंजे दुर्बिणीचं नाव आमी फुकट खराब केलो," आई म्हणाली. "करा मंग."

ऑपरेशन भोकांतूनच झालं. गाठ काढायला तेवढी एक लहान चीर द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं तिला धरून वॉर्डात चालवलं, आणि तिची हवा सरली, आतडं चालू झालं, तेव्हा आम्ही परीक्षेचा निकाल लागल्यासारखे खूश झालो. आत कोणत्या पेशी किती धावल्या, ते मला ठाऊक नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, जखमा सुकल्या, केमो ठरल्या वेळी सुरू करू.

त्याआधी मी गावी जाऊन आले. आई खाटेवर पडलेली, बाबा चुलीपुढं. भात जरा करपला होता. शेजारची बाई बघायला आली आणि म्हणाली, "दुर्बिणीनं केलं म्हणते. मंग तं लवकर उठते ना मानूस?"

"उठते," बाबा म्हणाले. "पन घाई काऊन?" आणि ताटं घेऊन घासायला गेले.

शेजारीण गेल्यावर मी आईला दटावलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, अशी पडून काय राहतेस! तिनं दाराकडे नजर टाकली आणि मला जवळ ओढलं.

"चालते ना. ते तलावावर गेले का घरभर फिरते मी. मले कवाचंच बरं वाटून राह्यलं," ती कानात म्हणाली. "पन तुया बाबाले सांगू नको."